बाईंच्या गाडीचं पासिंग

बाईंना कुणी "बसा" म्हटलं की त्या उभ्या राहायच्या. आधीच बसलेल्या असल्या तर कुबडीवर भार टाकून उठायच्या आणि समोरच्याचं म्हणणं उभ्यानं ऐकून घ्यायच्या. केंद्रप्रमुख आले, सरपंच आले, एकदा शिक्षण खात्यातले मोठे साहेब आले, सगळ्यांचं पहिलं वाक्य तेच, "बाई, तुम्ही बसा ना." मग सगळ्यांनाच उभं राहावं लागायचं. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी मीही तेच म्हणाले. बाई उठल्या, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुझं वजन किती हाये?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण बाईंना तरफेचा धडा घ्यायचा होता, आणि वर्गातल्या सगळ्यांत हडकुळ्या मुलीनं एका शिक्षिकेला फळीवर उचलून दाखवावं असा त्यांचा बेत होता. तासाभरात मी मैदानात एका फळीच्या आखूड टोकावर बसले होते, दुसऱ्या टोकाला ती मुलगी लोंबकळत होती, आणि माझे पाय खरोखरच जमिनीवरून सुटले होते. पोरं ओरडत होती. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ताकद कोणाची?" आणि पोरं ओरडली, "फळीची!" नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी अशी हवेत गेले.

त्या विज्ञान शिकवायच्या. लहानपणीच्या पोलिओनं उजवा पाय पार गेलेला, डाव्यात थोडा जीव. उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, काखेत एक कुबडी. पर्समध्ये गवंड्याचा ओळंबा असायचा. शाळेच्या नव्या खोलीचं बांधकाम चाललं होतं तेव्हा त्यांनी तो भिंतीला लावून बघितला आणि कंत्राटदाराला म्हणाल्या, "भिंत माझ्यासारखी उभी हाये." भिंत पाडून पुन्हा बांधावी लागली. त्यांच्या कुबडीला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. कुणी मायेनं "बिचारी" म्हणालं तर इकडंतिकडं बघत विचारायच्या, "कोण? कुठं हाये?" सरकारी कागदांवर दिव्यांग हा शब्द आला तेव्हा म्हणाल्या, "लंगडी लिहा. दिव्य काय त्याच्यात?"

परीक्षेत त्यांनी कुणाला वाढवून गुण दिले नाहीत. नापास झालेल्या मुलीला घेऊन त्या शाळा सुटल्यावर वडाखाली बसायच्या, धडा पहिल्यापासून शिकवायच्या आणि पुन्हा परीक्षा घ्यायच्या. "पास करणं सोपं हाये," त्या म्हणायच्या. "नापास करायला समोरच्याची किंमत असावी लागती." हे वाक्य तेव्हा मला फक्त कडक बाईचं वाक्य वाटलं होतं.

आमची शाळा घनसावंगीच्या रस्त्यावरच्या एका फाट्यापासून बरीच आत होती. आम्ही दोघी तीर्थपुरीला राहायचो, बाई भावाच्या घरी आणि मी खोली करून. फाट्यापर्यंत जीप मिळायची. पुढं ज्याचं त्यानं बघायचं. माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात ती चपलेला धरायची ती सोडायची नाही. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यात दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मधे गवताचा उंचवटा.

बाई फाट्यावरच्या लिंबाला टेकून उभ्या राहायच्या. दूधवाला येवो, ट्रॅक्टर येवो, खताचा टेम्पो येवो, त्या एवढंच विचारायच्या, "कुठं चालला?" तो आमच्याच गावाला निघाला असेल तर बसायच्या. "तुमच्यासाठी जातो की बाई, बसा," असं म्हणाला तर बसायच्या नाहीत. माझ्याकडं स्कूटी होती. मी कितीदा म्हटलं, बाई, माझ्याबरोबर चला. "माझ्या गल्लीत यायला तुझी वाट वाकडी व्हती," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. बदलीत अपंग शिक्षकांना सवलत असते, जालन्यातली शाळा त्यांना सहज मिळाली असती. तो अर्जही त्यांनी कधी केला नाही. "गाव बदलून पाय बदलतेत का?" म्हणायच्या.

एका वर्षी श्रावणात आठवडाभर झड लागली. मी स्कूटी फाट्यावर ठेवून चालत निघाले होते. अर्ध्या वाटेवर चाकोरीच्या कडेला मला काहीतरी निळं दिसलं. बाई होत्या. कुणाचं वाहन आलं नाही म्हणून त्या चालत निघाल्या होत्या आणि कुबडी चिखलात रुतली ती निघेना. ओढता ओढता त्या पडल्या. किती वेळ तशा बसून होत्या त्यांनी सांगितलं नाही. साडी कमरेपर्यंत काळी झाली होती. मी धावत जाऊन हात पुढं केला.

"हात नको," त्या म्हणाल्या. "कुबडी काढून दे."

मी दोन्ही हातांनी कुबडी उपसून दिली. त्या कुबडीवर, गुडघ्यावर आणि कोपरावर भार टाकत उठल्या. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. बाईंनी हापशावर हात धुतले आणि त्याच ओल्या साडीत दिवसभर शिकवलं. शाळा सुटल्यावर त्यांनी मला बोलावलं. "गाडी करायची," म्हणाल्या. "स्वतःची."

आधी त्यांनी अपंगांसाठी मिळते तशी, मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर कुणाकडून तरी मागून आणली आणि आमच्या रस्त्यावर चालवून बघितली. तिची चाकं लहान. चिखल मडगार्डात भरला की ती जागची हलायची नाही. शिवाय एक चाक चाकोरीत आणि एक गवतावर, त्यामुळं सगळी गाडी कलायची. बाईंनी चाकोऱ्यांमधलं अंतर मोजलं. रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर मोजलं. दोन्ही जवळपास सारखीच निघाली. त्यांचं ठरलं. मोटारसायकल घ्यायची, मागचं एक चाक काढून तिथं रिक्षाची दोन चाकं बसवायची. मागची दोन चाकोरीत चालतील, पुढचं मोठं चाक गवतावरून जाईल.

भावाच्या लग्नातली मोटारसायकल पडवीत उभी होती. भाऊ म्हणाला, "अक्का, जुनी काहून कापायली? नवी घेऊन देतो."

"नव्या गाडीवर करवत चालवायला माझा जीव धजत न्हाई," बाई म्हणाल्या. "हीच दे."

जुन्या जालन्यात एका बोळात एक मिस्त्री होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी दारं, असली कामं करायचे. साठी ओलांडलेली, दाढीला मेंदी, डोळ्याला जाड चष्मा. बाईंनी त्यांना काय हवं ते तोंडी सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. पर्समधून खडू काढला. कुबडी माझ्या हातात दिली. एवढ्या वर्षांत ती मला पहिल्यांदाच धरायला मिळाली. मग जमिनीवर बसून त्यांनी त्या वर्कशॉपच्या फरशीवर अख्खी गाडी काढली, खऱ्या मापाची. काढून झाल्यावर सरकत सरकत त्या चित्रातल्या सीटच्या जागी जाऊन बसल्या, पाय हातानं उचलून इंजिनाच्या दोन बाजूंना ठेवले आणि दोन्ही हात पुढं केले.

"माझा हात कुठं पोचतो तिथं खूण कर," त्या मला म्हणाल्या.

बोळातली माणसं दाराशी गोळा झाली होती. धान्याच्या गोण्या वाहणारे हमाल, समोरचा कापडवाला, शाळेतून येणाऱ्या पोरी. बाई फरशीवर बसून हवेतला गिअर ओढत होत्या, हवेतला ब्रेक दाबत होत्या आणि मी खडूनं फुल्या मारत होते. कुणी हसलं नाही. मिस्त्री चित्राच्या कडेकडेनं फिरून आले, खाली वाकले आणि म्हणाले, "टाकी के पीछे का सांगाडा नीचे लेना पडेगा, बाई. न्हाई तो पाँव उस पार कैसा जायेगा?"

"तेच सांगून राह्यले मी," बाई म्हणाल्या.

मागचं चाक धरणारा चिमटा कापून तिथं नवी चौकट जोडायची. रिक्षाचं डिफरन्शियल बसवायचं, म्हणजे वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरेल. इंजिनापासून तिथपर्यंत लांब चेन, आणि मधे मागं जायचा गिअर. पायाचा गिअर आणि पायाचा ब्रेक काढून दोन्ही हाताशी आणायचे. मिस्त्रींना सगळं पटलं. एकच पटलं नाही. बाईंना हे सगळं करायच्या आधी आरटीओची परवानगी हवी होती आणि केल्यावर पासिंग हवं होतं.

"कागद का झंझट कायकू, बाई?" मिस्त्री म्हणाले. "जिल्हे में ऐसे कित्ते गाड्या फिररे. और आपकू कौन रोकरा?"

"मला कोणी अडवत न्हाई, हेच तर दुखणं हाये," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मिस्त्रींनी हातातली पट्टी खाली ठेवली. "जीपवाला अडवत न्हाई, पोलीस अडवत न्हाई, साहेब उशिरा आलं तर बोलत न्हाईत. कुबडी दिसली की सगळं माफ. मला माफी नको, मिस्त्री. मला अडवावं, कागद बघावा, आन् कागद बरोबर हाये म्हणून सोडावं."

मिस्त्रींनी पट्टी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "हौ. करेंगे."

परवानगीला पावसाळा संपून हिवाळा उजाडला. आरटीओ ऑफिसाबाहेरच्या टपरीवरचा एक एजंट आमच्या मागंच लागला होता. "तुम्हाला यायचीबी गरज न्हाई ताई. अपंगाची केस हाये, गाडी कोण बघतंय? घरपोच आणून देतो." बाईंनी त्याला विचारलं, "गाडीचा ब्रेक तू बघणार का?" तो टपरीकडं वळला. "मंग दुसऱ्या कोणाला तरी बघू दे."

आतले मोटार वाहन निरीक्षक तरुण होते, विदर्भातले, फार कमी बोलणारे. पहिल्याच भेटीत म्हणाले, "सांगाडा कापायला परवानगी देता येत नाही."

"धडधाकट माणसाला न्हाई," बाई म्हणाल्या. "माझ्यासारखीसाठी गाडी बदलून घेता येती. तेवढं बघा."

त्यांनी बघितलं. "येते," म्हणाले, "पण सोपं नाही." त्यांनी गाडीचा नकाशा मागितला. वेल्डिंगची खात्री दिल्याचं पत्र मागितलं. डॉक्टरांचा दाखला, बाईंचं शिकाऊ लायसन्स, सगळं मागितलं. मी वैतागले होते. बाई मात्र जिन्याच्या पायऱ्या उतरताना, एकेका पायरीवर थांबत, म्हणाल्या, "हा माणूस चांगला हाये."

कापायच्या दिवशी भाऊही जालन्याला आला होता. करवतीची पहिली ठिणगी उडाली तसा तो बोळाबाहेर निघून गेला आणि चहाच्या टपरीवर पाठमोरा बसून राहिला. बाई मात्र तिथंच होत्या. चौकट जोडून झाली की त्या ओळंबा सोडायच्या. चाक उभं आहे का, चौकट सरळ आहे का. मिस्त्री चिडायचे, "मेरे पे भरोसा न्हाई क्या?" बाई म्हणायच्या, "तुमच्यावर हाये. लोखंडावर न्हाई." दोन वेळा जोड तोडून पुन्हा केला. कुणाची चूक, यावर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले आणि मधे मी निरोप्या. बाई माझ्याकडं बघून म्हणायच्या, "त्यांना सांग, डावीकडं झुकलंय," आणि मिस्त्री दोन हातांच्या अंतरावर बसलेले असूनही माझ्याकडंच बघून म्हणायचे, "उनकू बोलो, चष्मा लगाओ."

शेवटी गाडी तयार झाली. दिसायला सुंदर नव्हती. पुढून मोटारसायकल, मागून रिक्षा, आणि सीट इतकं खाली की बाई त्यात बसल्या म्हणजे टाकीच्या वर त्यांचं डोकं आणि खांदे तेवढे दिसायचे. रिकाम्या मैदानात महिनाभर शिकून त्यांनी ती तपासणीला आणली.

निरीक्षकांनी गाडीभोवती फिरून सगळं बघितलं. मग म्हणाले, "चालवून दाखवा. तिथून जोरात या आणि मी हात वर केला की ब्रेक दाबा."

बाई आल्या. निरीक्षकांनी हात वर केला. बाईंनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबता थांबता डावीकडं ओढली गेली. निरीक्षक म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"मागचे दोन ब्रेक सारखे लागत नाहीत," ते म्हणाले. "पास करता येणार नाही."

मिस्त्री पुढं झाले. "साब, इत्ता तो चलता. बाई का तो देखो—"

"चलत न्हाई," बाई म्हणाल्या. "साहेब बराबर हायेत."

निरीक्षकांनी शेरा लिहिला, सही केली, आणि दुसऱ्या गाडीकडं गेले. "सॉरी" म्हणाले नाहीत, "वाईट वाटून घेऊ नका" म्हणाले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कार्यालयाच्या फाटकाबाहेर आल्यावर मी बाईंकडं बघितलं. त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा झाला होता. ओठ गच्च मिटलेले आणि डोळे चमकत होते.

"पोरी," त्या म्हणाल्या, "त्यानं मला नापास केलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. त्यांनी मला थांबवलं. "समजलं न्हाई तुला. आजवर मला कोणी नापास केलं न्हाई. डीएडला प्रात्यक्षिकाला बसू दिलं न्हाई, तसंच पास केलं. नोकरीत तपासणीला माझा वर्ग बघितला न्हाई, चांगला शेरा लिहिला. शाळेत असताना तर खेळाचेबी गुण द्यायचे. मी खेळले कधी?" मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "ह्या माणसानं माझ्या गाडीचा ब्रेक बघितला."

त्या दिवशी मिस्त्री आणि बाई पुन्हा एकमेकांशी बोलायला लागले. दोन ब्रेकच्या तारा एकाच दांड्याला जोडून ताण सारखा करायची युक्ती दोघांनी मिळून काढली. नंतर ती आपलीच होती असं दोघंही सांगायचे. पुढच्या तपासणीला गाडी सरळ रेषेत थांबली. निरीक्षकांनी स्वतः बसून ती चालवून बघितली, लांब पाय कसेबसे आवळून. उतरले आणि म्हणाले, "ठीक आहे." एवढंच. गाडीच्या नोंदीत बदल झाला, बाईंना लायसन्स मिळालं, आणि बाईंनी तिथंच उभ्या उभ्या आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. निरीक्षकांनी पेढा घेतला नाही. बाईंना तेही आवडलं.

गाडी पहिल्यांदा शाळेत आली त्या दिवशी पोरं वेशीपर्यंत धावत गेली. मागची चाकं दोन चाकोऱ्यांत, पुढचं गवतावर, आणि बाई मान ताठ करून रस्त्याकडं बघतायत. पोरांकडं बघून त्यांनी हात केला नाही. हात मोकळा नव्हता.

काही वर्षं ती गाडी आमच्या रस्त्यावर चालली. घनसावंगीच्या नाक्यावर एकदा गाड्यांची तपासणी चालली होती. मी त्यांच्या मागंच होते. हवालदारानं मला थांबवलं आणि बाईंना हातानं पुढं जायला सांगितलं, "जा ताई, जा." बाईंनी गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि त्याला बोलावून घेतलं. "कागद बघा." तो म्हणाला, "राहू द्या हो." बाई म्हणाल्या, "मी वेळ काढून थांबले, आन् तुम्ही राहू द्या म्हणता?" मागं रांग लागली. शेवटी त्या माणसानं कागद घेतले, गाडीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर खरोखर जुळवून बघितला, लायसन्सवरचा फोटो बघितला, आणि कागद परत देताना नकळत सॅल्यूट ठोकला. "सॅल्यूट कशाला?" बाई पुटपुटल्या. पण त्या दिवशी त्यांनी मधल्या सुट्टीत पोरांबरोबर गाणं म्हटलं.

मग एका सकाळी त्या प्रार्थनेला माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि समोर बघतच हलक्या आवाजात म्हणाल्या, "आज ट्रॉलीला धडकले."

उसाची रिकामी ट्रॉली वळणावर उभी होती. बाईंनी ब्रेक दाबला. गाडीचा वेग थोडा होता, कुणाला लागलं नाही, हेडलाइटची काच तेवढी फुटली. कुणी बघितलंही नव्हतं.

"ब्रेक लागला न्हाई का?" मी विचारलं.

"ब्रेक चांगला हाये. हात मिटला न्हाई."

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोलिओ झालेल्या काहीजणांना उतारवयात असं होतं. इतकी वर्षं पायांचं काम ज्या हातांनी आणि खांद्यांनी केलं, ते थकतात. औषध असं काही नाही. जपायचं.

बाई दवाखान्यातून थेट आरटीओ ऑफिसात गेल्या. तेच निरीक्षक होते, केस थोडे पांढरे झालेले. बाईंनी लायसन्स टेबलावर ठेवलं. "परत घ्या."

त्यांनी तारीख बघितली. "मुदत आहे अजून, बाई."

"कागदाची हाये. माझी संपली." बाई उभ्याच होत्या. "तपासून घ्या. तुम्ही तपासल्याशिवाय मी मानणार न्हाई."

ते उठले, आवारातल्या एका मोटारसायकलजवळ बाईंना घेऊन गेले आणि म्हणाले, "ब्रेक दाबा." बाईंनी दाबला. बोटं वाकली, पण दांडा हँडलपर्यंत गेला नाही. बाईंनी दुसरा हात लावून बघितला. मग पहिला पुन्हा. निरीक्षक बराच वेळ त्या हाताकडं बघत उभे होते. आत येऊन त्यांनी अर्ज लिहून घेतला आणि सही केली. बाई निघाल्या तेव्हा ते दारापर्यंत आले.

गाडी काही महिने शाळेच्या छपराखाली उभी होती. बाई तिच्याकडं बघायच्या नाहीत. पुन्हा फाट्यावर लिंबाखाली उभ्या राहायला लागल्या. मग परतूरकडची एक बाई त्यांचं नाव ऐकून भेटायला आली. मळणीयंत्रात तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले होते. नवऱ्याच्या पाठीवर बसून ती आमच्या शाळेच्या दारात आली. आठवडी बाजारात बांगड्या विकायची. बाजारापर्यंत नवरा न्यायचा आणि त्याची मजुरी बुडायची. तिनं गाडीकडं बघितलं आणि म्हणाली, "मला येईल का हो ही?"

"ही न्हाई येणार," बाई म्हणाल्या. "ही माझ्या मापाची हाये. कापून तुझ्या मापाची करावी लागंल."

आणि मी पुन्हा जुन्या जालन्यातल्या त्या बोळात उभी होते. मिस्त्रींना आता एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं. वेल्डिंग त्यांचा मुलगा करत होता आणि ते बोटानं जोड चाचपून बघत होते. या वेळी फरशीवर ती तरणी बाई बसली आणि खडू आमच्या बाईंच्या हातात होता. सीट पुढं घेतलं. हँडल जवळ आणलं. तिची बोटं आखूड म्हणून ब्रेकचा दांडा कापून वाकवला. पुन्हा परवानगी, पुन्हा नकाशा, पुन्हा मैदानात शिकणं, पुन्हा तपासणी. निरीक्षकांनी हात वर केला, तिनं ब्रेक दाबला, आणि गाडी सरळ थांबली. पहिल्याच खेपेला पास.

बाहेर आल्यावर ती रडत होती. "बाई, चला, बसा मागं," ती म्हणाली. "स्टँडपर्यंत मी सोडते तुम्हाला. माझी पहिली सवारी तुमची."

बाईंनी सीटवरून हात फिरवला. "एकाच माणसाच्या बसण्याची नोंद हाये तिची," त्या म्हणाल्या. "जा तू. अंधार व्हायच्या आत परतूर गाठ."

ती गेली. मागं तिचा नवरा कुणाच्या तरी मोटारसायकलवर. वळणापर्यंत बाई बघत उभ्या राहिल्या. मग आम्ही रिक्षा केली. स्टँड आलं. रिक्षातून उतरायच्या आधी, बाहेर बघतच, म्हणाल्या, "उद्यापासून तुझ्या स्कूटीवर येते मी. पण घरून लवकर निघावं लागंल. तू फार हळू चालवतीस."

त्या निवृत्त होईपर्यंत मी त्यांना नेलं. सकाळी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मी हॉर्न द्यायची नाही. त्या आधीच येऊन उभ्या असायच्या. मागं एका बाजूला पाय सोडून बसायच्या, कुबडी मांडीवर आडवी, आणि एक हात माझ्या खांद्यावर. सुरुवातीला तो हात चांगला जड होता. खड्डा आला की खांद्याचं हाड दाबलं जायचं. मग महिन्यागणिक त्याचं वजन कमी होत गेलं. शेवटच्या हिवाळ्यात तर तो आहे की नाही हे कळण्यासाठी मला मान वळवून बघावं लागायचं. ते मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. रस्त्यात खड्डा दिसला की मी फक्त म्हणायची, "बाई, खड्डा."

आणि मागून आवाज यायचा, "दिसला मला. तू समोर बघ."